महासाथीतले ऑनलाइन वैद्यकीय शिक्षण आणि विद्यार्थ्यांची मते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे तिघांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत: वैद्यकीय विद्यार्थी, त्यांना शिकवणारे, आणि या विषयावर पाहणी करून लहानसा शोधनिबंध लिहू पाहणारे. आपल्या कामाचा प्रश्न शोधा आणि थेट तिथूनच वाचा.

विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिक्षण आवडले की नाही?

प्रश्न असा विचारला की उत्तर हमखास फसते. पुस्तकी भाग ऑनलाइन चालेल, रुग्णाच्या खाटेशी उभे राहून शिकायचा भाग चालणार नाही, असे एकच विद्यार्थी एकाच प्रश्नावलीत लिहितो आणि दोन्ही वेळा खरे बोलतो. पोलंडमधल्या ८०४ वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाहणीत ७३ टक्क्यांना ऑनलाइन शिकणे आनंददायी वाटले. ज्ञानात किती भर पडली या बाबतीत त्यांच्या मते ऑनलाइन आणि प्रत्यक्ष वर्गात लक्षणीय फरक नव्हता. कौशल्ये आणि माणसांशी वागण्याची हातोटी या दोन बाबतींत मात्र त्यांनी ऑनलाइनला स्पष्टपणे खालचे स्थान दिले. यातला एकटा ७३ टक्क्यांचा आकडा उचलून 'विद्यार्थ्यांना ऑनलाइन हवे आहे' असा मथळा देणे सोपे असते, आणि तसे झालेही आहे.

हे सगळे इतके अचानक का झाले?

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले. सहाच दिवसांनी, १७ मार्चला, अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने विद्यार्थ्यांचा थेट रुग्णसंपर्क थांबवण्याची शिफारस केली. संसर्गाची भीती होतीच, शिवाय मास्क आणि संरक्षक पोशाखांचा तुटवडा होता. जे पोशाख होते ते उपचार करणाऱ्यांना आधी मिळणे भाग होते.

त्यामुळे २०२० मध्ये विद्यार्थ्यांनी जे अनुभवले ती ऐन वेळी केलेली तजवीज होती. नीट आखलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला कित्येक महिने लागतात; इथे शिक्षकाला एका आठवड्यात जुनी स्लाइड घेऊन कॅमेऱ्यासमोर बसावे लागले. विद्यार्थ्यांच्या तक्रारी वाचताना हे विसरले, तर घाईचे खापर माध्यमाच्या माथी फुटते.

तक्रारी नेमक्या कोणत्या होत्या?

देशागणिक क्रम बदलतो. ब्रिटनमधल्या २,७२१ वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाहणीत सर्वांत मोठे अडथळे ठरले ते घरातले व्यत्यय (२६.७६ टक्के) आणि खराब इंटरनेट (२१.५३ टक्के). पोलंडच्या पाहणीत ७० टक्क्यांनी रुग्णांशी संपर्क तुटल्याचे सांगितले आणि ५४ टक्क्यांनी उपकरणांच्या तांत्रिक अडचणी. लिबियात यादवीची झळ होती आणि वीज-इंटरनेटची खात्री नव्हती. तिथल्या ३,३४८ विद्यार्थ्यांपैकी ६४.७ टक्क्यांना आपल्या देशात ऑनलाइन शिक्षण सहज राबवता येईल हे मान्य नव्हते. क्लिनिकल, म्हणजे रुग्णांसोबत शिकायच्या, भागासाठी ते वापरता येईल असे तिथे फक्त २१.१ टक्क्यांना वाटले, ५४.८ टक्क्यांनी साफ नकार दिला.

या आकड्यांची आपसात तुलना करू नका. तिन्ही ठिकाणी प्रश्न वेगळे होते आणि पर्यायही. दिशा मात्र सगळीकडे एकच दिसते: रुग्ण जितका जवळचा, तितका ऑनलाइनवरचा विश्वास कमी.

विद्यार्थी कोणत्या वर्षाचा आहे याने मत बदलते का?

बदलते, आणि कारण उघड आहे. पहिल्या दोन वर्षांत शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, औषधशास्त्र यांचा मोठा भाग ऐकून, वाचून आणि प्रश्न सोडवून शिकता येतो. क्लिनिकल वर्षांत दिवसाचा गाभा वॉर्ड असतो. तो गेला की उरलेला दिवस कितीही लेक्चरांनी भरला तरी पोकळच वाटतो. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला वेगळीच धास्ती असते: काही महिन्यांत डॉक्टर म्हणून सही करायची आहे आणि शेवटचे पोट तपासून किती दिवस झाले ते आठवत नाही.

पहिल्या वर्षाच्या मुलांचे एक नुकसान मात्र प्रश्नावल्यांत फारसे उमटत नाही. त्यांनी प्रत्यक्ष कॉलेज पाहिलेलेच नव्हते, त्यामुळे काय हुकले हे सांगायला त्यांच्याकडे तुलनाच नव्हती.

आवडले ते काय?

पोलंडमध्ये ६९ टक्क्यांनी घरी राहता येणे, तितक्याच जणांनी साहित्य केव्हाही उपलब्ध असणे, आणि ६४ टक्क्यांनी आपल्या गतीने शिकता येणे हे फायदे सांगितले. प्रत्यक्षात ही तिन्ही सुखे एका बटणात येतात: रेकॉर्डिंग थांबवण्याच्या. न कळलेला भाग मागे नेता येतो, कळलेला पुढे सरकवता येतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दुप्पट वेगापर्यंत व्हिडिओ पाहूनही आकलन फारसे घटले नाही. अडीचपटीला ते घसरले. त्या व्हिडिओंचे विषय वैद्यकीय नव्हते, त्यामुळे आम्ही वापरतो तो निकष थोडा सावध आहे: ओळखीच्या विषयाला दीडपट, नव्याला मूळ वेग, आणि आलेख किंवा आकृती आली की थांबणे.

दुसरा फायदा लाजाळू मुलांचा. भरल्या वर्गात हात वर न करणारे चॅटमध्ये प्रश्न टाकतात, त्यातही नाव झाकता येत असेल तर अधिक.

मग रेकॉर्डिंगचा साठा पाहून घाम का फुटतो?

कारण 'नंतर पाहू' म्हटलेले लेक्चर व्याजासकट परत येते. दिवसाला तीन तासांचे रेकॉर्डिंग बाजूला ठेवले की दोन आठवड्यांत, दहा कामाच्या दिवसांत, ३० तास साचतात. दुप्पट वेगानेही १५ तास बसावे लागते, आणि एवढे सलग पाहिलेले डोक्यात राहत नाही. यावर उपाय म्हणजे मुदत: ७२ तासांत पाहिले नाही तर ते लेक्चर पाहायचे नाही. त्याऐवजी पुस्तकातले प्रकरण वाचायचे, त्यावरचे २० प्रश्न सोडवायचे आणि चुकलेल्या मुद्द्यांपुरतेच रेकॉर्डिंग उघडायचे. महाविद्यालयाने प्रत्येक रेकॉर्डिंगला वेळेनुसार मुद्द्यांची यादी जोडली तर हे काम निम्मे होते.

ऑनलाइन लेक्चर किती वेळाचे असावे?

एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचे विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हिडिओ कितीही लांब असला तरी प्रेक्षक टिकण्याचा मध्यक सहा मिनिटांच्या पुढे गेला नाही. याचा अर्थ मूत्रपिंडाचा सगळा कारभार सहा मिनिटांत उरकायचा असा नाही. ५० मिनिटांचे सत्र असे तोडा: ८ ते १० मिनिटे एक मुद्दा, मग त्यावर बहुपर्यायी प्रश्न, उत्तराला ६० ते ९० सेकंद, मग चुकलेल्या पर्यायांवर दोन-तीन मिनिटे बोलणे. असे तीन फेरे करा आणि उरलेला वेळ प्रश्नांना द्या. चुकीच्या पर्यायावर किती जण गेले हे शिक्षकाला लगेच दिसते. सभागृहात ते दिसत नाही. तिथे सगळे माना डोलावतात.

स्लाइडवरचा मजकूर शब्दशः वाचून दाखवणे ही ठिकठिकाणच्या खुल्या उत्तरांत पुन्हा पुन्हा येणारी तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. वाचून दाखवायचेच असेल तर फाइल पाठवा, सगळ्यांचा तास वाचेल.

विद्यार्थी कॅमेरा बंद का ठेवतात? लक्ष नसते म्हणून?

काहींचे नसतेच. पण बाकीची कारणे जड आहेत: डेटा, एकाच खोलीत वावरणारे कुटुंब, घर दिसण्याचा संकोच. शिवाय स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणे मांडली: जवळून सतत रोखलेल्या नजरा, स्वतःचा चेहरा सारखा दिसणे, हालचाल बंद होणे, आणि हावभाव कळवण्या-कळून घेण्याचा वाढलेला मानसिक ताण. १२० जणांच्या लेक्चरला कॅमेऱ्याची सक्ती करून यातले काही सुधारत नाही. सहा ते आठ जणांच्या केस-चर्चेत कॅमेरा मागणे योग्य. तिथे चेहऱ्याचा खरोखर उपयोग होतो. स्वतःचे चित्र लपवण्याची सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये असते, ती वापरा. हजेरीसाठी कॅमेऱ्याऐवजी सत्राच्या मधले दोन प्रश्न पुरतात.

एका लेक्चरला किती डेटा लागतो? कमी कसा करता येईल?

झूमच्या शिफारशी धरून हिशेब करू. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला सेकंदाला साधारण ६०० किलोबिट लागतात, म्हणजे तासाला सुमारे २७० मेगाबाइट. नुसत्या आवाजाला ६० ते ८० किलोबिट आणि स्क्रीनवरच्या स्लाइडला ५० ते ७५. आवाज व स्लाइड मिळून तासाला ५० ते ७० मेगाबाइट होतात. दिवसाला चार तास धरले तर एकीकडे एक गिगाबाइटहून थोडे जास्त, दुसरीकडे पाव गिगाबाइटच्या आसपास.

म्हणून विद्यार्थ्याने येणारा व्हिडिओ बंद करावा आणि स्लाइड चालू ठेवावी. फोनचा फोटो-बॅकअप आणि अ‍ॅपचे अपडेट वर्गाच्या वेळेत थांबवावेत. 'नेट खराब आहे' या तक्रारीमागे बरेचदा हेच निघतात. आवाज तुटत असेल पण वेग मोजल्यावर बरा दिसत असेल, तर अडचण वेगाची नसून माहितीची पाकिटे (तुकडे) उशिरा किंवा गळत पोहोचण्याची असते. वायफायच्या राउटरजवळ बसून किंवा केबल लावून ती बरीच सुटते. जास्त डेटाचा प्लॅन घेऊन सुटत नाही.

शिक्षकाने स्लाइड एक दिवस आधी पाठवाव्यात आणि रेकॉर्डिंगची केवळ आवाजाची प्रतही ठेवावी. ६४ किलोबिटची ध्वनिफीत तासाला २९ मेगाबाइट होते आणि ज्याच्याकडे साधाच फोन आहे त्यालाही ऐकता येते.

शवविच्छेदन पडद्यावर शिकता येते का?

नावे, शाखा, कशाच्या खाली काय, हे शिकता येते. त्रिमितीय अ‍ॅप फिरवून तर अवघड जागाही कळतात. हुकते ते दुसरेच. अ‍ॅपमध्ये धमनी लाल, शीर निळी, चेता पिवळी. टेबलावर तिन्ही फिकट आणि चरबीत गुरफटलेल्या असतात, त्यामुळे बोटाने चाचपून ओळखाव्या लागतात. शिवाय अ‍ॅपमधले शरीर एकच असते, तर विच्छेदन कक्षात शेजारच्या टेबलावरच्या धमनीची शाखा वेगळ्या ठिकाणाहून फुटलेली दिसते. शरीररचनेत फरक असतात हे वाक्य पाठ असणे आणि तो फरक पाहणे, यांत अंतर आहे.

नंतर कक्ष उघडल्यावर सगळे विच्छेदन पुन्हा करायला वेळ नसतो. अशा वेळी आधी तयार केलेली शरीरे वापरावीत आणि ज्या भागांना पुढे हात लावावा लागणार आहे त्यांना प्राधान्य द्यावे: काख, जांघ, मान, छातीची भिंत, पोटाची पुढची भिंत.

हिस्टॉलॉजी (ऊतींची सूक्ष्मरचना) आणि पॅथॉलॉजी (आजाराने ऊतींत होणारे बदल) यांबद्दल तक्रारी कमी का?

कारण इथे पडदा जवळजवळ मूळ वस्तूइतकाच चांगला आहे. ४० पट भिंगाखाली स्कॅन केलेल्या स्लाइडचा एक पिक्सेल साधारण पाव मायक्रोमीटरचा असतो. अख्खी फाइल गिगाबाइटमध्ये जाते, पण ऑनलाइन नकाशाप्रमाणे आपण पाहतो तेवढाच तुकडा उतरतो. सगळ्यांना एकच उत्तम स्लाइड मिळते आणि शिक्षकाला त्यावर बाण काढता येतो. सूक्ष्मदर्शक फोकस करण्याची सवय आणि रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला पातळ थर) काढणे तेवढे राहते.

हृदयाचे आवाज व्हिडिओ कॉलवर शिकवता येतील का?

थेट कॉलवर वाजवून नाही. इथे कितीतरी चांगले शिक्षक फसले, म्हणून सविस्तर.

पहिल्या आणि दुसऱ्या ध्वनीची बरीचशी ऊर्जा १५० हर्ट्झच्या खाली असते. तिसरा आणि चौथा ध्वनी त्याहूनही खालचे. लॅपटॉप किंवा फोनचा स्पीकर इतका खालचा आवाज नीट काढूच शकत नाही. त्यात कॉलच्या अ‍ॅपला माणसाचे बोलणे पुढे आणायचे आणि बाकीचे दाबायचे असते. पंख्याची घरघर दाबणारी हीच यंत्रणा मर्मरलाही (हृदयातल्या रक्तप्रवाहाच्या जादा आवाजालाही) घरघर समजून दाबते. परिणामी माइट्रल स्टेनोसिसचा (हृदयाची एक झडप अरुंद होण्याच्या आजाराचा) खालच्या पट्टीतला मर्मर, जो प्रत्यक्षातही स्टेथोस्कोपच्या बेलनेच (खोलगट बाजूनेच) ऐकावा लागतो, तो कॉलवर नाहीसा होतो. विद्यार्थ्याला वाटते आपल्याच कानात खोट आहे.

करायचे ते असे. ध्वनीची फाइल आधी पाठवावी. कानाला घट्ट बसणाऱ्या हेडफोनवर प्रत्येकाने ती आपल्या यंत्रावर वाजवावी. कॉल फक्त चर्चेसाठी ठेवावा. आवाजासोबत तरंगाचा आलेख दाखवला तर सिस्टोल (हृदयाचे आकुंचन) कुठला आणि डायस्टोल (प्रसरण) कुठला हे नजरेने पक्के होते. कॉलवरच वाजवायचे असेल तर आवाज दाबण्याची सोय बंद करून 'मूळ आवाज' चालू करावा आणि संगणकाचा ध्वनी थेट शेअर करावा, माइकसमोर स्पीकर धरू नये.

एवढे करूनही मानेतल्या कॅरोटिड नाडीवर बोट ठेवून ध्वनी जुळवणे, रुग्णाला डाव्या कुशीवर वळवणे, गलबल्यात ऐकणे हे राहतेच. ते वॉर्डातच होते.

हिस्टरी घेणे (रुग्णाशी बोलून आजाराची माहिती काढणे) ऑनलाइन जमते का?

बऱ्यापैकी जमते, आणि महासाथीतला हा सुखद धक्का होता. रुग्णाची भूमिका करणारी व्यक्ती, एक विद्यार्थी, एक निरीक्षक, बाकीचे कॅमेरा-माइक बंद. दहा मिनिटे हिस्टरी, पाच मिनिटे अभिप्राय. आधी विद्यार्थ्याने स्वतःबद्दल बोलायचे, मग 'रुग्णाने', शेवटी शिक्षकाने. गट सहाच्या वर गेला की बघे वाढतात.

खरा रुग्ण असेल तर संमती दोन गोष्टींची स्वतंत्र घ्यावी लागते: विद्यार्थी पाहणार याची आणि रेकॉर्डिंग होणार असेल तर त्याची. विद्यार्थी घरी असतो, म्हणून हेडफोन आणि बंद दार सक्तीचे. रुग्णाचा आजार विद्यार्थ्याच्या घरच्यांच्या कानावर जाता कामा नये. स्क्रीनशॉट काढू नयेत हे दर वेळी सांगावे.

टाके घालणे, सीपीआर (हृदय थांबल्यावर छातीवर दाब देण्याचा उपचार), इंजेक्शन?

क्रम शिकवता येतो, हात तयार होत नाही. सीपीआरमध्ये मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणे. बाजूने लावलेल्या कॅमेऱ्यात शिक्षकाला वेग, कोपर आणि खांद्यांची स्थिती दिसते. खोली दिसत नाही. ती मोजणारा पुतळा लागतो.

टाक्यांसाठी कॅमेरा हाताच्या बरोबर वर, ४० ते ५० सेंटिमीटरवर ठेवावा आणि चित्र करणाऱ्याच्या बाजूने दिसावे. शिक्षक समोरून दाखवतो तेव्हा डावे-उजवे उलटते. फोनचा पुढचा कॅमेरा बरेचदा आरशातले चित्र दाखवतो, मग गोंधळ दुप्पट. सुई घरी वापरायची तर वापरलेल्या सुईची विल्हेवाट कशी लावायची हे आधी सांगितलेले असावे. नसेल तर हा सराव घरी देऊ नये.

ऑनलाइन परीक्षेबद्दल विद्यार्थी इतके चिडलेले का?

मुख्यतः न्याय्यतेवरून. काहींच्या मते इतरांना नक्कल सोपी झाली, काहींच्या मते नक्कल रोखण्याचे उपायच जाचक होते. प्रश्न एकदा सोडला की मागे जाता न येणे हा त्यातला सर्वांत टोचणारा नियम. देखरेखीची सॉफ्टवेअर अंधुक प्रकाशात, विशेषतः सावळ्या-काळ्या चेहऱ्यांच्या बाबतीत, चेहरा हरवल्याचा इशारा देतात. विचार करताना छताकडे पाहणाराही संशयित ठरतो. इशारा म्हणजे पुरावा नव्हे. माणसाने रेकॉर्डिंग पाहिल्याशिवाय कारवाई होऊ नये.

दुसरा रस्ता लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजने २०२० मध्ये अंतिम वर्षासाठी घेतला: घरून, पुस्तक उघडे ठेवून परीक्षा. अशा परीक्षेत 'अमुक आजाराची पाच लक्षणे' हा प्रश्न निरर्थक होतो. रुग्णाची माहिती, दोन तपासण्यांचे निकाल आणि 'आता पुढची कृती कोणती' असा प्रश्न लागतो. आमच्या मते ही परीक्षा अधिक चांगली असते, फक्त तिचे प्रश्न तयार करायला कितीतरी जास्त वेळ लागतो आणि तो कोणी मोजत नाही.

तांत्रिक बाजू: त्याच यंत्रावर आठवडाभर आधी सराव परीक्षा, उत्तर आपोआप साठवले जाणे, आणि वीज गेली तर कोणत्या क्रमांकावर किती मिनिटांत कळवायचे व किती जादा वेळ मिळेल हे लेखी. हा शेवटचा कागद नसला की परीक्षेच्या दिवशी सगळे घोडे तिथेच पेंड खाते.

ऑस्की (छोट्या केंद्रांवर एकेक कौशल्य तपासणारी परीक्षा) ऑनलाइन घेता येते?

संवाद, निदानाचा विचार, एक्स-रे वा ईसीजी वाचणे यांची केंद्रे होतात. शारीरिक तपासणीची नाही. उमेदवाराला एकाच आभासी खोलीत बसवून परीक्षकाला हलवावे. उमेदवार हलवले की कोणीतरी वाटेत हरवतो. आठ ते दहा मिनिटांच्या केंद्रानंतर दोन मिनिटे मोकळी ठेवावीत. अमेरिकेतल्या परवाना परीक्षेचा प्रत्यक्ष कौशल्यांचा टप्पा मार्च २०२० मध्ये स्थगित झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमचा बंद केला गेला. त्यानंतर कौशल्ये तपासण्याचा भार प्रामुख्याने महाविद्यालयांवर आला.

ऑनलाइन शिकलेल्यांना खरेच कमी येते का?

ज्ञानाच्या चाचण्यांत तसे दिसत नाही. पदवीपूर्व वैद्यकीय शिक्षणावरच्या १६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये, म्हणजे महासाथीच्या आधी, प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष वर्ग अधिक परिणामकारक असल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. मात्र तिथले अभ्यासक्रम आखलेले होते, घाईचे नव्हते.

शिवाय 'मला कमी समजले' हे मत आणि खरोखर कमी समजणे या दोन गोष्टी आहेत. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना वर्गात स्वतः प्रश्न सोडवायला लावले त्यांना चाचणीत गुण जास्त पडले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. गुळगुळीत व्याख्यान ऐकणाऱ्यांचे नेमके उलट. मतांची पाहणी आनंद आणि अडचणी मोजते, त्यासाठी ती उत्तम आहे. शिकणे मोजायला चाचणी घ्यावी लागते.

आमच्या महाविद्यालयात अशी पाहणी करायची आहे. कुठे चुकते?

सर्वांत आधी निवडीत. ऑनलाइन शिक्षणाबद्दलची प्रश्नावली फक्त ऑनलाइन पाठवली तर ज्याचे नेट सर्वांत वाईट त्याचेच मत येत नाही, आणि निकाल गोड लागतो. कागदावर किंवा फोनवरून विचारण्याची सोय ठेवा, निदान उत्तर न देणाऱ्यांपैकी काहींना गाठून कारण विचारा.

नमुना: ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटी धरली तर १,००० विद्यार्थ्यांमागे २७८ उत्तरे लागतात, २०० मागे १३२. लहान महाविद्यालयात नमुना निवडण्यात अर्थ नाही, सगळ्यांनाच विचारा.

प्रश्न: 'ऑनलाइन शिक्षण परिणामकारक आणि सोयीचे होते का?' यात दोन प्रश्न आहेत, तोडा. लेक्चर, प्रात्यक्षिक, वॉर्ड आणि परीक्षा यांना वेगवेगळे प्रश्न द्या. वर्ष, यंत्र (फोन की संगणक), नेटचा प्रकार आणि अभ्यासाला स्वतंत्र खोली आहे का, हे विचाराच. या चार गोष्टींशिवाय निकालाचा अर्थ लागत नाही. १५ ते २० जणांवर आधी चाचपणी करा आणि त्यांना प्रश्न मोठ्याने वाचून 'यातून काय समजलात' असे विचारा. भाषांतर केले असेल तर दुसऱ्याकडून उलट भाषांतर करून पाहा.

गुप्तता: गुण देणाऱ्या शिक्षकानेच नाव मागून मत विचारले तर सौजन्य मिळते, मत मिळत नाही. नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या. उत्तरे गोळा झाल्यावर मागितली तर बहुधा मिळत नाही.

खुला प्रश्न एक तरी ठेवा. 'कोणता एक भाग पुन्हा प्रत्यक्ष शिकायला हवा?' हा आम्हाला सर्वांत कामाचा वाटतो.

एकटेपणाचे काय?

ते खरे होते आणि अभ्यासावरही उतरले. वैद्यकीय शिक्षणाचा मोठा हिस्सा वेळापत्रकात नसतो: वरिष्ठ विद्यार्थी जाता जाता सांगतो ती युक्ती, वाईट बातमी देऊन आलेल्या डॉक्टरांचा चेहरा, कँटीनमधले वाद. यातले थोडेफार परत आणणारा उपाय म्हणजे चार-पाच जणांचा कायम गट, आठवड्यातून दोनदा ४५ मिनिटे, दर वेळी एकाने केस आणायची आणि शिक्षक नाही. गट दर आठवड्याला बदलला की हे जमत नाही. झोप उडाली असेल, पुस्तक उघडवत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले असेल, तर वेळापत्रक सुधारत बसू नका. समुपदेशक किंवा डॉक्टरांकडे जा.

राहिलेला क्लिनिकल भाग नंतर कसा भरून काढायचा?

'जादा पोस्टिंग' एवढेच लिहून भागत नाही, कारण नुसते वॉर्डात उभे राहून दिवस भरतात. आधी प्रत्येकाने यादी करावी आणि प्रत्येक कौशल्यासमोर चारपैकी एक खूण करावी: वाचले आहे, कसे करायचे ते सांगू शकतो, पुतळ्यावर करून दाखवू शकतो, रुग्णावर देखरेखीखाली केले आहे. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पिरॅमिडच्या पायऱ्याही साधारण याच. ऑनलाइन काळातल्या बहुतेकांची खूण दुसऱ्या खान्यात अडकलेली असते.

मग जे चुकले तर रुग्णाला लगेच इजा होते ते आधी घ्यावे: सीपीआर, श्वासमार्ग, शिरेत सुई, औषधाची मात्रा लिहिणे, मूत्रनलिका. हे पहिल्या दोन आठवड्यांत पुतळ्यावर व्हावे. त्याबरोबरच रोज एक पूर्ण तपासणी, डोक्यापासून पायापर्यंत, वरिष्ठाच्या समोर, घड्याळ लावून करावी. सुरुवातीला तिला ४० मिनिटे लागली तरी लागू द्यावीत. लॉगबुकमध्ये सही करणाऱ्याने 'उपस्थित' लिहू नये. काय केले, कितव्यांदा केले आणि मदत लागली का, हे लिहावे. तिन्ही रकाने रिकामे असतील तर सही करू नये.